मेंदूला रक्त पोहोचतंय का? आयसीयूत खाटेजवळची सोनोग्राफी काय सांगते, काय सांगत नाही

कन्हेरी (ता. बारामती) : आयसीयूच्या दाराबाहेर बसलेल्या नातेवाइकांचा प्रश्न एकच असतो. ‘डॉक्टर, मेंदूला काही झालंय का?’ आतून येणारं उत्तरही बहुतेक वेळा ठरलेलं असतं. ‘आत्ताच सांगता येणार नाही. औषधं चालू आहेत, वाट बघू.’ बाहेरच्याला ही टाळाटाळ वाटते. पण खूपदा ते उत्तर अगदी खरं असतं, कारण आत उभ्या असलेल्या डॉक्टरलाही मेंदूचं काय चाललंय ते दिसत नसतं.

आयसीयूतल्या रुग्णाच्या बाकी सगळ्या अवयवांचा हिशोब क्षणाक्षणाला लागत असतो. हृदयाचे ठोके स्क्रीनवर पळत असतात, रक्तदाब दिसतो, बोटाला लावलेल्या चिमट्यावरून ऑक्सिजन कळतो, लघवीची पिशवी तासातासाला मोजली जाते. मेंदूसाठी मात्र भिंतीवर तसा आकडा नाही. डॉक्टर हाक मारतात, चिमटा काढून बघतात आणि डोळ्यांत बॅटरी मारून बाहुली आकसते का ते पाहतात. रुग्ण व्हेंटिलेटरवर असेल तर त्याला झोपेचं औषध चालू असतं, त्यामुळे हाकेला ओ येत नाही. शेतीच्या कीटकनाशकाची विषबाधा असेल तर अ‍ॅट्रोपिनमुळे बाहुल्या आधीच मोठ्या झालेल्या असतात. डोक्याला मार लागून पापण्या सुजल्या असतील तर डोळाच उघडत नाही. मग बॅटरीचा उपयोग किती?

सीटी स्कॅन हा खरा आधार आहे आणि पहिला सीटी कुठल्याही परिस्थितीत चुकवायचा नाही. पण सीटी म्हणजे एका क्षणाचा फोटो. सकाळी काढलेल्या फोटोत संध्याकाळची सूज दिसत नाही. पुन्हा काढायचा तर व्हेंटिलेटर, ऑक्सिजनचं सिलिंडर, औषधांचे पंप आणि तीन-चार माणसं असा सगळा लवाजमा घेऊन रुग्ण खाटेवरून हलवावा लागतो. ज्याचा रक्तदाब जेमतेम टिकून आहे, त्याला लिफ्टमधून खाली नेणं हीच एक जोखीम असते.

या दोन फोटोंच्या मधल्या वेळेत मेंदूवर नजर ठेवण्यासाठी जगभरच्या आयसीयूंत सोनोग्राफी वापरली जाते. पोटावर फिरवतात तशाच प्रकारचं यंत्र, फक्त प्रोब कानशिलावर आणि मिटलेल्या पापणीवर. चिरफाड नाही, किरणोत्सर्ग नाही, रुग्ण हलवायचा नाही. पाहिजे तर दर सहा तासांनी पुन्हा करता येते.

टाळू, कानशील आणि नारळ

कन्हेरीचं नाव जिल्ह्याबाहेर निवडणुकीच्या दिवसांत ऐकू येतं. इथल्या मारुतीपुढे नारळ फुटला की पवार कुटुंबाच्या प्रचाराला सुरुवात होते. तोच नारळ इथे समजावायला बरा पडतो. आपली कवटी करवंटीसारखी आहे. टणक आणि बंद. आत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी या तिन्ही गोष्टी ठासून भरलेल्या. त्यातली एक वाढली, म्हणजे सूज आली किंवा रक्त साकळलं, तर दुसरीला जागा सोडावी लागते. जागा संपली की आतला दाब वाढत जातो. हाताला खरचटलं तर सूज बाहेरच्या बाजूला येते. मेंदूच्या सुजेला बाहेर जायला वाट नसते, म्हणून ती जीवघेणी.

सोनोग्राफीच्या लहरी जाड हाडातून नीट जात नाहीत. तान्ह्या बाळाला टाळू असते, तिथे हाड भरलेलं नसतं. म्हणून कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांच्या मेंदूची सोनोग्राफी टाळूवरून सहज होते आणि नवजात बालकांच्या विभागात ती रोजच्या कामाचा भाग आहे. अशा बाळांत मेंदूतला रक्तस्राव बहुतेक वेळा जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांत होतो. तो खाटेजवळच दिसतो, बाळाला उबेतून बाहेर काढावं लागत नाही.

मोठ्या माणसाची टाळू भरलेली असते. पण नारळाला जसे डोळे असतात, तशी कवटीतही एक पातळ जागा आहे. कानाच्या पुढे, गालाच्या हाडाच्या वर. त्यालाच आपण कानशील म्हणतो. इथून लहरी आत जाऊ शकतात हे १९८२ मध्ये रुने आस्लिड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. त्यांनी २ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे कमी कंपनांच्या लहरी वापरल्या. कंपनं कमी असली की चित्र थोडं भरड येतं, पण लहर हाड ओलांडते. मेंदूतल्या मुख्य रक्तवाहिनीतलं रक्त किती वेगानं पळतंय हे त्यामुळे कवटी न उघडता पहिल्यांदा मोजता आलं.

वेग कळतो तो डॉप्लरच्या तत्त्वानं. १०८ ची रुग्णवाहिका समोरून येताना भोंगा चढा लागतो आणि पुढे निघून गेली की एकदम उतरतो. आवाजातल्या या फरकावरून गाडीचा वेग काढता येतो. ख्रिश्चन डॉप्लर यांनी हे तत्त्व १८४२ मध्ये मांडलं. इथे गाडीच्या जागी रक्तातल्या पेशी असतात एवढंच.

पाइपावरचा अंगठा

निरोगी प्रौढ माणसात मेंदूच्या मधल्या मुख्य रक्तवाहिनीत रक्ताचा सरासरी वेग सेकंदाला साधारण ६० सेंटिमीटरच्या आसपास असतो. तो १२० च्या पुढे गेला की डॉक्टर सावध होतात आणि २०० च्या पुढे गेला की गंभीर समजतात. वेग वाढणं वाईट कसं? शेतात पाणी धरणाऱ्याला हे सांगायला नको. पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी जोरात उडतं, पण वाफ्यात पडणारं पाणी कमीच होतं. मेंदूतली रक्तवाहिनी आवळली की तसंच होतं.

मेंदूतला फुगा फुटून मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव झालेल्या रुग्णात हा धोका ठरलेल्या मुदतीत येतो. साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसात. फुग्याचं ऑपरेशन व्यवस्थित झालं, रुग्ण बोलायला लागला, घरचे निर्धास्त झाले आणि आठव्या दिवशी एक हात पडला, असं होतं ते यामुळे. रोज कानशिलावर प्रोब ठेवून वेग लिहून ठेवला तर तो चढताना आधी दिसतो आणि हात पडायच्या आत पावलं उचलता येतात. या यंत्राचा सर्वात जुना आणि सर्वात पक्का उपयोग हाच.

पण वेग दुसऱ्या कारणानंही वाढतो. ताप असेल, अंगात रक्त कमी असेल तर सगळीकडेच रक्त जोरात पळतं. मोटारीचाच जोर वाढला की सगळ्या चाऱ्यांना पाणी जोरात येणार, तो अंगठ्याचा दोष नव्हे. म्हणून मानेतल्या रक्तवाहिनीतला वेगही मोजतात. मेंदूतला वेग मानेतल्यापेक्षा तिपटीहून जास्त निघाला तर वाहिनी आवळलीय असं धरतात. तिपटीच्या आत असेल तर आधी ताप आणि हिमोग्लोबिन बघायचं.

सायकलचा पंप

डोक्याला मार लागलेल्यांत, मोठ्या पक्षाघातात, मेंदूज्वरात प्रश्न वेगळा असतो. तिथे कवटीतला दाब वाढतो. तो अचूक मोजायचा खात्रीचा मार्ग म्हणजे कवटीला भोक पाडून आत नळी किंवा तार ठेवणं. त्यासाठी न्यूरोसर्जन लागतो, जंतुसंसर्गाची आणि रक्तस्रावाची जोखीम असते. तालुक्याच्या ठिकाणी ही सोय क्वचितच मिळते.

सोनोग्राफी हा दाब थेट मोजत नाही, त्याचा माग काढते. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरताना सुरुवातीला पंप हलकाच लागतो. ट्यूब भरत आली की दट्ट्या जोरात दाबला तरच हवा आत जाते आणि हात सैल पडला की थांबते. मेंदूचंही असंच आहे. नेहमी हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीतही मेंदूला रक्त वाहतच असतं. आतला दाब वाढला की ठोका पडतो तेवढाच वेळ रक्त शिरतं, मधल्या वेळेतला प्रवाह रोडावतो. स्क्रीनवरच्या आलेखात उंच टोकं आणि त्यांच्यामध्ये खोल दऱ्या दिसू लागतात. सर्वात जास्त वेगातून सर्वात कमी वेग वजा करून त्याला सरासरीनं भागलं की एक आकडा निघतो. तो साधारण १ च्या आसपास किंवा थोडा खाली असावा. तो चढत चालला तर दाब वाढतोय असा संशय घ्यायचा. दाब अगदी रक्तदाबाइतका झाला तर आत गेलेलं रक्त पुन्हा मागे फिरताना दिसतं. ही शेवटची अवस्था.

दुसरा माग डोळ्यातून मिळतो. डोळ्यामागची मज्जा मेंदूच्याच आवरणात गुंडाळलेली असते. कवटीतला दाब वाढला की मेंदूभोवतीचं पाणी त्या आवरणात शिरतं आणि ते फुगतं. मिटलेल्या पापणीवर जेल लावून, अजिबात दाब न देता, बुबुळाच्या गोळ्यामागे ३ मिलिमीटरवर या आवरणाची जाडी मोजतात. ती ५ ते ६ मिलिमीटरच्या पुढे गेली तर संशय बळावतो. अर्थात हाताळणारा हात सरावलेला हवा, कारण अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तरी निष्कर्ष फिरतो. डोळ्यासाठी यंत्राची ताकद कमी ठेवावी लागते आणि डोळाच फुटलेला असेल तर ही तपासणी करायची नाही. पापण्या सुजून बंद झालेल्या रुग्णात बाहुली उजेडाला आकसते का, हेही याच यंत्रानं पापणी न उघडता बघता येतं.

तिसरी गोष्ट मेंदूच्या मधोमध असलेल्या पाण्याच्या पोकळीची. ती दोन्ही कानशिलांपासून सारख्या अंतरावर हवी. एका बाजूला रक्त साकळलं तर ती दुसरीकडे ढकलली जाते. ५ मिलिमीटरहून जास्त सरकली असेल तर तो मोठा इशारा असतो.

मण्यार चावलेला माणूस

ग्रामीण भागात या तपासणीचं महत्त्व कळायला एक उदाहरण पुरेसं आहे. मण्यार बहुतेक रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दाताची खूण दिसत नाही, सूज नसते. पहाटे पोट दुखतं, उलटी होते, मग पापण्या जड होतात आणि काही तासांत श्वास बंद पडतो. वेळेत व्हेंटिलेटर मिळाला तर माणूस वाचतो, पण त्या काळात तो कसा दिसतो? हात-पाय हलत नाहीत, श्वास नाही, बाहुल्या मोठ्या आणि उजेडाला न हलणाऱ्या. बघणाऱ्याला वाटावं मेंदू संपला. प्रत्यक्षात विषानं फक्त मज्जातंतू आणि स्नायूंमधला दुवा तोडलेला असतो. मेंदू शाबूत असतो, कधी कधी त्याला आजूबाजूचं बोलणं ऐकूही येत असतं. अशा रुग्णांना मेंदू-मृत समजण्याची चूक होता होता राहिल्याच्या नोंदी भारतातल्या वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. पुणे जिल्ह्यातच नारायणगावला डॉ. सदानंद राऊत वर्षानुवर्षं सर्पदंशाच्या रुग्णांवर उपचार करत आले आहेत. मण्यारीच्या दंशात वेळेवर व्हेंटिलेटर आणि सर्पविषावरची लस मिळणं किती महत्त्वाचं, हे त्या भागातल्या लोकांना सांगावं लागत नाही.

इथे कानशिलावर प्रोब ठेवला आणि मेंदूतला प्रवाह व्यवस्थित दिसला, तर डॉक्टरला आणि घरच्यांना धीर धरायला कारण मिळतं.

उलट बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. प्रवाह दिसतोय म्हणजे मेंदू ठीक आहे असं नाही. हृदय बराच वेळ बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या रुग्णात पाइपातून पाणी वाहत असतं, पण पीक आधीच करपलेलं असू शकतं. आणि प्रवाह दिसला नाही म्हणजे मृत्यू झाला, असंही नाही. साधारण १० ते २० टक्के लोकांत कानशिलाचं हाड एवढं जाड असतं की लहर आतच जात नाही. वयस्कर स्त्रियांत हे जास्त आढळतं. म्हणजे काहीच दिसलं नाही तर आधी हाडाची शंका घ्यायची.

मेंदू-मृत्यू जाहीर करण्याचा अधिकार या यंत्राला नाही. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांचं पथक ठरलेल्या चाचण्या करतं, त्यात व्हेंटिलेटर काढून स्वतःहून श्वास येतो का हेही बघतात. त्या चाचण्या कमीत कमी सहा तासांच्या अंतरानं पुन्हा कराव्या लागतात. त्याआधी विष, भुलीची औषधं, अंग फार थंड पडणं अशी कारणं बाजूला काढावी लागतात. डॉप्लर फार तर मदतीला घेता येतो. ‘सोनोग्राफीत रक्त दिसलं नाही, आता काही उरलं नाही’ एवढ्यावर कुणी बोलत असेल तर घरच्यांनी थांबवून विचारावं.

दाब नाही हे सांगण्यात जास्त भरवशाची

ही तपासणी किती खरी ठरते यावर बराच वाद झाला आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवेगळ्या देशांतल्या १६ आयसीयूंमधल्या २६२ रुग्णांत कवटीतला दाब नळीनंही मोजला आणि डॉप्लरनंही. निष्कर्ष कामाचा आहे. ‘दाब वाढलेला नाही’ असं डॉप्लर म्हणाला तर बहुतेक वेळा ते खरं निघालं. ‘दाब वाढलाय’ असं म्हणाला तर मात्र पुन्हा खात्री करावी लागली. म्हणजे ही तपासणी भीती दूर करायला चांगली, निवाडा द्यायला अपुरी. केवळ तिच्या भरवशावर कुणाचं डोकं उघडत नाहीत.

आणखी एक गोष्ट दिलासा देणारी आहे. २०१२ मध्ये बोलिव्हिया आणि इक्वेडोरमधल्या, म्हणजे आपल्यासारख्याच साधनांची ओढाताण असलेल्या रुग्णालयांतल्या, डोक्याला गंभीर मार लागलेल्या ३२४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांच्या कवटीत दाब मोजायची तार बसवली. बाकीच्यांवर सीटी आणि वारंवार खाटेजवळच्या तपासणीवरून उपचार केले. सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांच्या प्रकृतीत ठळक फरक दिसला नाही. त्या अभ्यासात सोनोग्राफी नव्हती. पण महागडी तार नसली तरी डोळ्यांत तेल घालून वारंवार तपासणाऱ्या माणसांनी रुग्ण वाचतात, एवढं त्यातून दिसलं.

तालुक्यात काय अडतं

कन्हेरी, काटेवाडी, पिंपळी या पट्ट्यातला रुग्ण आधी बारामतीत येतो. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावानं ओळखलं जातं. तिथून पुढे पुणे म्हणजे सुमारे १०० किलोमीटर. ऊस हंगामात अंधारात उभ्या असलेल्या ट्रॉलीला मागून धडकलेल्या दुचाकीस्वाराच्या घरच्यांना रात्रीत ठरवायचं असतं, हलवायचं की थांबायचं. अशा वेळी सीटीनंतरच्या तासांत दाब चढतोय की स्थिर आहे, याचा खाटेजवळचा अंदाज मोलाचा ठरतो. चढत असेल तर न्यूरोसर्जनकडे पाठवायला उशीर नको. स्थिर असेल आणि सीटीतही शस्त्रक्रियेचं कारण नसेल, तर गाडीत शंभर किलोमीटर हेलकावे खायची घाई नको.

यंत्राची अडचण वाटते तेवढी मोठी नाही. टूडी इकोचं यंत्र आणि त्याचाच प्रोब कानशिलासाठी चालतो. डोळ्यासाठी मानेच्या नसा किंवा थायरॉइड बघतात तो प्रोब लागतो. खरी उणीव सरावाची. कानशिलावरचा नेमका बिंदू सापडायला, वाहिनी ओळखायला आणि दोन वेळच्या मोजणीत सारखेपणा यायला बरेच दिवस हात बसवावा लागतो. भूलतज्ज्ञ, फिजिशियन, आयसीयूतले निवासी डॉक्टर हे शिकू शकतात, पण कुणीतरी बाजूला बसून शिकवायला हवं.

दुसरी गोष्ट कायद्याची. गर्भलिंग निदान रोखण्यासाठी देशात पहिला कायदा महाराष्ट्रानं १९८८ मध्ये केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला. गर्भाचं लिंग ओळखू शकेल असं कुठलंही सोनोग्राफी यंत्र नोंदवावंच लागतं, मग ते मेंदू बघायला घेतलेलं का असेना. २०१२ च्या नियमानुसार हलवता येणारं यंत्र नोंदणी झालेल्या जागेतच, दाखल रुग्णांसाठी वापरता येतं, किंवा इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या दवाखान्यात. डॉक्टरांना कागदपत्रांचा जाच वाटतो आणि तो आहेही. पण हा कायदा कशामुळे आला हे या जिल्ह्याला नव्यानं सांगायची गरज नाही, त्यामुळे तो सैल करा म्हणण्याऐवजी आयसीयूच्या यंत्रांची नोंदणी लवकर कशी होईल ते बघणं बरं. खाटेजवळ नेण्याला नियमाची आडकाठी नाही, कागद पूर्ण हवेत इतकंच.

घरच्यांनी काय विचारावं

रुग्ण बेशुद्ध असेल तर डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. पहिला सीटी कधी झाला, पुढचा कधी? बाहुल्या सारख्या आहेत का? झोपेचं औषध किती चालू आहे, ते थांबवून तपासलं का? इथे डोळ्याची किंवा कानशिलाची सोनोग्राफी करता येते का, आणि केली असेल तर कालच्यापेक्षा आज आकडा वर आहे की खाली? एका आकड्यावरून फार काही ठरत नाही, दिवसागणिक तो कुठे चाललाय हे बघायचं असतं.

पुण्याला हलवायचं ठरलं तर सीटीच्या फिल्म किंवा सीडीसोबत हे आकडे वेळेसकट कागदावर लिहून मागून घ्यावेत. पुढच्या डॉक्टरला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.